दम सोडायला शिकताना

वाण्याकडं उधारीची असते तसली एक लांबट वही माझ्याकडं आहे. सहावीत कबड्डीला जायला लागले तेव्हा सरांनी प्रत्येकीला ती घ्यायला लावली होती. रकाने त्यांनीच पट्टीनं आखून दिले: तारीख, वजन, पळणं, चढाया, गुण आणि सगळ्यात शेवटी ‘दम’. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ स्पष्ट ऐकू येईल असं किती सेकंद टिकलं, तो आकडा म्हणजे दम. पहिल्या दिवशी माझ्यापुढं ११ लिहिलंय. बारावीच्या वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, ३४ आहे. चढाईला मिळतात ३० सेकंद. म्हणजे पंचांची वेळ संपली तरी माझ्या छातीत चार सेकंद शिल्लक असायचे, आणि त्या चार सेकंदांचा मला फार अभिमान होता.

आता लोक मला गाण्यामुळं ओळखतात. यात्रेत, गणपतीत, लग्नाच्या वरातीत माझं गाणं वाजतं आणि भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “खेळाडूची गायिका झालीस कशी?” देवाची देणगी म्हणून विषय संपवता येतो, पण मग ज्यांनी मला हाताला धरून शिकवलं त्यांचं नावच निघत नाही. शिवाय मधल्या काळात माझा आवाज गेला होता, हे तर फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. शिवारात ऊस आणि थोडी द्राक्षं. आप्पा भजनात पखवाज वाजवतात. कार्तिकात पहाटे देवळात काकडा असायचा, तिथं मी आज्जीच्या मांडीला टेकून बसायचे आणि झोप उडाली की म्हणायला लागायचे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग इथंच केला. बालगंधर्वांचं नागठाणे तर आमच्या गावापासून सायकलनं जाण्याइतकं. तरी गाणं शिकायचं असतं, ही गोष्ट आमच्या घरात कधी कोणाच्या डोक्यात आली नाही. भजन देवाचं, ऊस पोटाचा, आणि कबड्डी माझी.

मी डावीकडून चढाई करायचे. मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे समोरचं अंगण ६ बाय ८ चं. तेवढ्यात सात जणी टपून उभ्या. मध्यरेषा ओलांडायच्या आधी दम सुरू करायचा आणि परत येईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. तिकडं दम तुटला की बाद. सर आम्हाला उन्हाळ्यात घाटावर न्यायचे. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायचं. छातीवर पाण्याचा दाब येतो, बरगड्या फुगत नाहीत, तरी म्हणायचं. सर काठावरून घड्याळ बघत ओरडायचे, “तोंड उघडं ठेव, पण वारा सोडू नगंस! कोंडून धर!” हे ‘कोंडून धर’ मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या गळ्यातच बसलं. पुढं काय झालं ते कळायला हे लक्षात ठेवावं लागेल.

आप्पांचा हिशेब साधा होता. राज्य पातळीवर खेळली की सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोरगी पोलिसात लागेल. मलाही तेच हवं होतं. मी कुमारी गटात जिल्ह्याकडून दोनदा खेळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये निवड चाचणीचा सामना होता. बोनसचा गुण घेऊन वळले, पाय मॅटवर रुतल्यासारखा राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात आवाज झाला. शेजारच्या मुलींनाही तो ऐकू गेला.

मिरजेला ऑपरेशन झालं. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तुटला होता. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तिथं नवा लिगामेंट बसवतात. नऊ महिने मैदान नाही, असं सांगितलं. मी वहीत त्या नऊ महिन्यांच्या तारखा आधीच घालून ठेवल्या. रकाने रिकामे, पण तारखा घातलेल्या.

त्यातला सहावा महिना ऑगस्ट होता.

२०१९ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, आणि बघितला नाही त्यांना सांगून कळेल का कोण जाणे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या गल्लीत रात्री गुडघाभर होतं, सकाळी खिडकीला लागलं. मी पायाला पट्टा बांधलेली. आप्पांनी मला पाठीवर घेतलं, आईनं डोक्यावर पिठाचा डबा, आज्जीनं विठोबाची तसबीर. म्हशी सोडून द्याव्या लागल्या. दाव्याला हात घालताना आई जशी रडली तशी ती नंतर घर बघूनही रडली नाही.

उंचावरच्या एका शाळेत आम्हाला ठेवलं. एका वर्गात साठ-सत्तर माणसं. लाइट नाही, बाहेर पाऊस, आणि पोरं रडायची थांबत नव्हती, कारण त्यांच्या आया रडत होत्या. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री आज्जी म्हणाली, “म्हण की गं एखादा. काकड्यात म्हणतीस तसा.”

मी म्हणाले, “हितं कुठं म्हणू, आज्जी?”

“हितंच म्हण. देव बी हितंच आलाय न्हवं का आमच्यासंगं.” तसबीर तिच्या मांडीवर होती.

मी भिंतीला टेकले, पाय लांब केला आणि एक अभंग धरला. टाळ नव्हते. आप्पांनी तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर पखवाजाचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला मागची माणसं म्हणायला लागली, मग शेजारच्या वर्गातून आवाज यायला लागला, आणि हळूहळू त्या सगळ्या इमारतीत तोच अभंग झाला. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. पोरं गप झाली होती एवढं आठवतं.

मदतीला आलेल्या एका पोरानं बॅटरीच्या उजेडात मोबाइलवर ते घेतलं होतं. पाणी उतरल्यावर, रेंज आली तेव्हा, मला पुण्याहून एका मैत्रिणीचा फोन आला, “अगं, तू माझ्या मोबाइलमध्ये आलीयास!” तोवर तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला होता. पायाला पट्टा बांधलेली कबड्डीची पोरगी पुरात गाते, ही गोष्ट लोकांना लागली. आज मी तो ऐकते तेव्हा दोन ठिकाणी सूर उतरलेला कळतो आणि वरचा स्वर मी रेटून लावलाय हेही कळतं. तेव्हा ते कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या दिवसांत मला ऐकू आलं नसतं.

कबड्डी सोडून गाण्याकडं वळायचा निर्णय तू कधी घेतलास, असं मुलाखतीत विचारतात. मी घेतलाच नाही. आमचा दीड एकर ऊस पाण्यात कुजला, सोसायटीचं कर्ज अंगावर होतं, आणि नोव्हेंबरात सांगलीच्या एका ऑर्केस्ट्राचा निरोप आला की रात्रीचे दीड हजार देतो. गुडघ्याचे नऊ महिने तेव्हाच पुरे होत होते. सरांकडं गेले. ते मैदानावर पुराचा गाळ काढत होते. म्हणाले, “जा. पण वही बंद करू नगंस.”

मी वही बंद केली. ते माझ्याकडून चुकलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. यात्रेत वाजेल असं, हलगीवरचं गाणं. स्टुडिओत गेल्यावर पहिला धक्का शांततेचा. काचेच्या अलीकडं मी एकटी, कानाला हेडफोन, तोंडापुढं माइक आणि त्याच्यापुढं जाळी. वाजवणारे कुठं आहेत म्हणून विचारलं तर कळलं, वाजवून झालंय सगळं. हलगी गेल्या आठवड्यातच येऊन गेली. हेडफोनमध्ये एक टिकटिक सुरू असते, क्लिक म्हणतात, त्या टिकटिकीवर पाय ठेवून गायचं. भजनात आप्पा माझ्यामागं यायचे. मी ओळ लांबवली की पखवाज थांबायचा. इथं कोणी थांबत नाही. पहिले दोन तास वाया गेले. मग मी काचेतून सांगितलं, “मी जरा उभं राहून पाय हलवत म्हणतो.” चढाईला जाताना पायाचा जो ठेका असतो तो धरला आणि क्लिकवर बसले.

‘म्हणतो’ ऐकून आतले दोघं एकमेकांकडं बघायला लागले. आमच्याकडं सांगली-कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. आई, आज्जी, मी, सगळ्याच. लिहिताना मी ‘आले-गेले’ लिहिते, कारण शाळेत तसं शिकवलं, पण तोंडात ‘आलो-गेलो’च येतं. नंतर एकदा मुलाखतीआधी मला ते सुधारायला सांगितलं होतं. मी सुधारलं नाही. माझ्या आज्जीची बोली चुकीची आहे असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याची. मी काळी ४ मध्ये गायचे. संगीतकारांनी ऐकलं आणि म्हणाले, त्याच्या वरची काळी ५ घेऊ, जास्त उठाव येईल. अंतऱ्याचा वरचा स्वर लागेना. “तुम्ही खेळाडू आहात ना ताई, जरा जोर लावा,” असं म्हणाले. जोर लावणं मला येत होतं. पोट आवळलं, गळा आवळला, दम कोंडला आणि स्वर फेकला. आतून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो टेक ठेवला. तोच स्वर पुढं स्टेजवर दर रात्री मला तसाच लावावा लागला, कारण लोकांनी तो तसाच पाठ केला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी स्टॅम्पपेपरवर सही केली. ११ हजार रुपये रोख मिळाले, आणि ‘सर्व हक्क कायमचे’ असं काहीतरी त्यात होतं. मी वाचलं, पण कळलं नाही, आणि कळत नाही म्हणायची लाज वाटली. फार पुढं एका वकील ताईंनी समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गायकानं गायलेल्या गोष्टीचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क गायकालाही आहे, आणि गायकांच्या वतीनं ती गोळा करणारी संस्थाही २०१३ पासून आहे. हे मला वीस वर्षांची असताना कोणी सांगितलं असतं तर! गावाकडच्या ज्या ज्या पोरापोरींना हल्ली स्टुडिओतून बोलावणं येतं, त्यांना मी हे सांगते: कागद घरी आणा, एक रात्र उशाशी ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा, मग सही करा. घाई करणाऱ्याचं गाणं चार दिवसांनी झालं तरी चालतं.

गाणं मार्च २०२० मध्ये आलं आणि पाठोपाठ टाळेबंदी. यात्रा नाहीत, लग्नं नाहीत, ऑर्केस्ट्रा बंद. मला वाटलं संपलं. पण माणसं घरात होती आणि हातात मोबाइल होता. अंगणात, गच्चीवर, गोठ्यात लोक त्या गाण्यावर नाचून व्हिडिओ टाकायला लागले. मी घरी शेण काढत होते आणि माझं गाणं कुठं कुठं वाजत होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडताना बोटीतला एक जवान म्हणाला, “तुम्ही त्याच ना?” त्या वेळी काय उत्तर द्यावं ते सुचलं नव्हतं.

२०२२ चा गणेशोत्सव दोन वर्षांनी मोकळा झाला आणि मग श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही. टेम्पो, सुमो, रात्री दोनचा वडापाव, सकाळी दुसरं गाव. घराला स्लॅब पडला, कर्ज फिटलं, धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला घातलं. हे सगळं गाण्यानं दिलं आणि मी ते विसरणार नाही. पण स्टेजवरचा आवाज कसा असतो ते बाहेरून कळत नाही. साउंडचे मोठे डबे प्रेक्षकांकडं तोंड करून असतात. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मॉनिटर नावाचा छोटा डबा पायाशी लागतो, तो बहुतेक ठिकाणी नसतो. मागं ढोलकी, हलगी, ऑक्टोपॅड. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप ओरडतो. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम, म्हणून शेवटच्या तासात सगळी गरम गाणी एकापाठोपाठ. त्यात माझं ते गाणं दोनदा, कधी तीनदा. चैत्रात, यात्रांच्या दिवसांत, २६ रात्रींत मी २२ कार्यक्रम केले. सकाळी आवाज बसलेला असायचा. गरम पाणी, खडीसाखर, ज्येष्ठमध घेऊन संध्याकाळपर्यंत तो कसाबसा उघडायचा. कबड्डीत सामना झाला की दुसऱ्या दिवशी सर पळायला लावत नसत. अंग चोळायचं, झोपायचं. गळा हेही अंगच आहे, हे मला खेळाडू असूनही सुचलं नाही. वहीत त्या सगळ्या काळाचं एक पान नाही.

एप्रिल २०२३. एका गावची यात्रा, समोर पटांगण भरलेलं. अंतरा आला, मी नेहमीसारखा दम कोंडला, स्वर फेकला, आणि तोंडातून नुसती हवा आली. साउंडवाल्याला वाटलं माइक गेला, त्यानं दुसरा माइक हातात दिला. त्यातही हवाच. कोरसच्या मुलींनी ओळ उचलली. लोक नाचत राहिले. मी स्टेजच्या मागं टेम्पोच्या चाकाशी जाऊन बसले. रडायलाही आवाज नव्हता.

पुन्हा मिरज. चार वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी ज्या गावात आले होते, तिथंच घशासाठी. डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतू पडद्यावर दाखवले. चमकत्या उजेडात त्यांची हालचाल संथ दिसते. बाईच्या साध्या बोलण्यातसुद्धा ते सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. माझ्या दोन्ही तंतूंवर, पुढचा तिसरा हिस्सा संपतो तिथं, समोरासमोर दोन बारीक फुगवटे होते. “हाताला घट्टे पडतात ना, तसे हे घट्टे आहेत,” डॉक्टर म्हणाले. “कापायची घाई नको. आधी विश्रांती आणि थेरपी.” दहा दिवस पूर्ण मौन. कुजबुजणंही नाही, आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं हळू बोललं तर चालतं, ते चालत नाही.

त्या दहा दिवसांत मी मिरजेतच मावशीकडं होते. दुपारी करमायचं नाही म्हणून सतारमेकर गल्लीत जाऊन बसायचे. मिरजेची सतार आणि तंबोरा हिंदुस्थानभर जातो; २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले एक चाचा मला बोलता येत नाही हे बघून स्वतःच बोलायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, भोपळा वाळायला किती दिवस जातात, सगळं. एक दिवस ते तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढत होते. तार जिथं घोडीवर टेकते तिथं खाली सुताचा एक धागा असतो. चाचांनी तो केसभर पुढं सरकवला, तार छेडली. पुन्हा केसभर मागं, छेडली. बद्द वाजणारी तार एका जागी एकदम उघडली आणि सगळ्या गल्लीत घुमली. ताण वाढवला नव्हता, जोरही लावला नव्हता. मी त्यांना खुणेनं पुन्हा करायला लावलं. त्यांनी तीनदा करून दाखवलं.

चाचांनीच मला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. ब्राह्मणपुरीत राहतात, वय सत्तरच्या पुढं. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केलं, त्यांच्या किराणा घराण्याची तालीम बाईंना मिळालेली. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. बाई तिथं दरवर्षी जातात. मला वाटलं होतं, ऑर्केस्ट्रावाली म्हणून दारातूनच परत पाठवतील. त्यांनी बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “तू कबड्डी खेळायचीस म्हणे. म्हणून दाखव बघू, कबड्डी.”

मौन संपलेलं होतं. मी हळू आवाजात म्हणून दाखवलं. वीसेक सेकंद झाले असतील. त्यांनी समोर आरसा धरला. “मानेकडं बघ.” मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या होत्या.

“हा दम चांगलाच आहे,” बाई म्हणाल्या. “इतका दम माझ्याकडं विशीतही नव्हता. पण तू तो तिजोरीत ठेवतेस. कुलूप लावून, वर बसतेस. गाण्यात तो सोडायचा असतो गं.”

मी म्हणाले, “सोडला की संपतोय, बाई.”

“संपू दे. पुन्हा घे. इथं कोण तुझा पाय धरायला बसलंय?”

हे ऐकून मी खरंच गप्प झाले. कबड्डीत अंगावर चार जणी पडल्या की आपण आपोआप गळा बंद करतो, श्वास आत अडकवतो. त्यानं पोट-पाठ दगडासारखी होते आणि त्या जोरावर मध्यरेषेकडं सरकता येतं. ओझं उचलतानाही माणूस हेच करतो. मी अंतऱ्याचा स्वर नेमका तसाच घ्यायचे. बंद गळ्यावर खालून सगळा वारा थडकवायचा आणि फोडून बाहेर काढायचा. रोज रात्री, शंभरदा. घट्टे पडणारच.

थेरपी करणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं आणि बाईंनी सांगितलेलं, दोन्ही एकच निघालं. फक्त भाषा वेगळी. मॅडमनी पेल्यात अर्धं पाणी आणि त्यात स्ट्रॉ दिली. स्ट्रॉमधून ‘ऊऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. दिवसातून सहा वेळा. ओठ फुरफुरवत स्वर वर-खाली न्यायचे. बाईंनी पहाटे खर्ज दिला. खालचा ‘सा’, तंबोऱ्याबरोबर, सहज सुटेल तेवढाच. दीड महिना फक्त ‘सा’. मला राग यायचा. जिच्या गाण्यावर पटांगणं नाचतात ती पोरगी चटईवर बसून पेल्यात बुडबुडे काढते आहे. मग गुडघा आठवायचा. ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस मी नुसती टाच घासत पाय दुमडायला शिकत होते, तेव्हा नव्हता आला राग. खेळाडूला ते कळतं. एका रात्री घरी येऊन मी जुनी वही शोधली.

पाचव्या महिन्यात दुर्बीण पुन्हा घातली. एक घट्टा गेला होता, दुसरा अगदी बारीक उरला होता. ऑपरेशन लागलं नाही.

आता कार्यक्रम घेताना माझ्या चार अटी असतात. महिन्याला जास्तीत जास्त दहा रात्री. दोन कार्यक्रमांत एक दिवस मोकळा. पायाशी मॉनिटर. आणि ते गाणं काळी ४ मध्ये, एकदाच. आयोजकांशी वाद होतात. “ताई, पट्टी खाली आणली तर पब्लिक उठंल,” असं एक जण तोंडावर म्हणाला, आणि त्यानं दुसरी गायिका घेतलीही. बिचारी पोरगी काळी ५ मध्ये रोज गाते आहे. तिला मी फोन करून मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर दिला. पैसे आधीच्या निम्मेही येत नाहीत. आप्पांनी एकदाच विचारलं, “जमंल का गं?” मी म्हणाले, “जमवतो.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

२०२४ च्या यात्रेला आमच्याच गावात स्टेज होतं. घरची माणसं समोर, म्हणून जास्त भीती. सर पहिल्या रांगेत. अंतरा जवळ आला तसा गळा जुन्या सवयीनं आवळायला लागला. मला ते आता आधी कळतं. खांदे सोडले, ‘इथं कोण तुझा पाय धरायला बसलंय’ हे बाईंच्या आवाजात ऐकलं, आणि स्वर जाऊ दिला. तो पूर्वीसारखा फाडत गेला नाही. गोल गेला. पलीकडच्या उसापर्यंत पोचला की नाही मला माहीत नाही, पण मॉनिटरमध्ये मी तो ऐकला, पहिल्यांदाच.

कार्यक्रमानंतर सर आले. म्हणाले, “वही आण.” घरी जाऊन आणली. त्यांनी चष्मा लावून नवीन पानं बघितली. जुने रकाने खोडून मी नवे आखले आहेत: तारीख, झोप, पाणी, बोलणं, पट्टी, सकाळचा खर्ज. शेवटचा ‘दम’ तसाच ठेवलाय, पण त्यात सेकंद लिहीत नाही. ‘मोकळा’ किंवा ‘आवळला’ एवढंच. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि मला म्हणाले, “आजचं लिही.”

मी लिहिलं: झोप साडेसहा तास. बोलणं जास्त, पाहुणे होते. काळी ४. अंतरा पहिल्यांदा मोकळा. शेवटच्या ओळीला थोडा आवळला. उद्या सुट्टी.